माक्याच्या तेलाला श्रेय किती द्यावे?

माका आणि जास्वंदीचे तेल लावल्यावर बाळंतपणानंतरची केसगळती काही महिन्यांत थांबली, असा अनुभव कोणी सांगितला, तर तो खराच असेल. मात्र त्याचे श्रेय तेलाला देण्यापूर्वी काळाचा हिशेब पाहावा. गरोदरपणात इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी वाढलेली असल्याने एरवी गळाले असते असे केसही टिकून राहतात आणि प्रसूतीनंतर ती पातळी उतरली की साधारण २ ते ४ महिन्यांनी ते एकदमच गळू लागतात. बहुतेक स्त्रियांचे केस बाळ वर्षाचे होईपर्यंत, काहीही न लावता, पूर्ववत होतात.

तेल लावू नये असे नाही. हलक्या हाताने लावल्यास केस कोरडे पडून तुटणे कमी होते. पोटातून घ्यायच्या काढ्यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांतील काही घटक दुधावाटे बाळापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून अंगावर पाजत असताना ते वैद्यांना विचारूनच घ्यावेत.

मला तेलापेक्षा अळिवाचे महत्त्व अधिक वाटते. बाळंतपणातील रक्तस्रावाने लोहाचा साठा घटलेला असू शकतो, लोह कमी पडले तरी केस गळू शकतात आणि अळिवात लोह चांगले असते. ते दुधातल्या खिरीपेक्षा लिंबू पिळलेल्या पाण्यात भिजवून घेतल्यास अधिक शोषले जाते (खीर चवीला सरस, हे मान्य). हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर मात्र नुसत्या अळिवावर भागत नाही, डॉक्टरांचे उपचारच घ्यावे लागतात. वर्षानंतरही केस गळत राहिले, किंवा सोबत थकवा आणि धडधड असेल, तर फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) व थायरॉईड तपासून घ्यावे. प्रसूतीनंतर थायरॉईडला सूज येऊ शकते आणि तिच्यावर कोणत्याही तेलाचा उपयोग होत नाही.