ट्रकवर पहिली वर्षं कशी गेली, जीव कसा सांभाळलात? इंदूरकरांनो, अनुभव लिहा

माझा भाचा २१ वर्षांचा आहे. राजेंद्रनगरला राहतो. बारावीनंतर दोन वर्षं एका गोदामात माल चढवला-उतरवला, आता ट्रकच चालवायचा म्हणतो. ताईच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही आणि भावजींनी अबोला धरलाय. मला त्याला अडवायचं नाही. पण ट्रकांच्या अड्ड्यावर, लोहामंडीत जाऊन मिळेल त्या गाडीवर चढावं आणि जमेल तसं शिकावं, हे मनाला पटत नाही. ज्यांनी स्वतः स्टिअरिंग धरलं किंवा ज्यांच्या घरात कुणी धरलं, त्यांनी कृपा करून लिहा. सल्ले थोडे कमी चालतील, घडलेलं सांगा.

*

निवृत्त चालक, इंदूर–मुंबई मार्ग

ताई, मी १९८६ साली क्लीनर म्हणून चढलो. उस्ताद धारचे, घरी मराठीच बोलायचे. पहिले सात महिने त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. सकाळी प्रत्येक चाकावर लोखंडी पान्हा मारायचा आणि आवाज ऐकायचा, हे माझं काम. हवा भरलेलं चाक टणक वाजतं, बसलेलं बद्द. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक बसलं तरी नजरेला कळत नाही, कारण बाहेरचं चाक सगळा भार उचलून उभं असतं. मग भर उन्हात तेच तापून फुटतं. जोडचाकांमध्ये अडकलेला दगड काढायचा. हवेच्या टाकीखालची तोटी उघडून साचलेलं पाणी सोडायचं, नाहीतर ते ब्रेकच्या वाल्व्हपर्यंत जातं. तेव्हा कंटाळा यायचा. आज वाटतं, मी गाडी त्या सात महिन्यांतच शिकलो.

आता जे सांगतो ते घरातल्यांनाही पुरतं सांगितलेलं नाही. मानपूर सोडलं की आग्रा-मुंबई रस्ता गणेश घाटातून खाली निमाडात उतरतो. उस्तादांनी शिकवलं होतं की ज्या गिअरमध्ये हा घाट चढशील त्याच गिअरमध्ये किंवा एक खालच्या गिअरमध्ये उतर, आणि गिअर उतार लागायच्या आधी, सपाटीवर टाक. १९९४ साली मी दुसऱ्या मालकाकडे होतो. वाचवलेल्या डिझेलचे पैसे तो चालकाला द्यायचा. गाडीत लोखंड होतं. मी गाडी न्यूट्रल केली आणि घाटात सोडली.

न्यूट्रलमध्ये इंजिनाची ओढ सुटते, सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. चौथ्या की पाचव्या वळणाला ब्रेकचे लायनर जळल्याचा वास आला. ड्रम इतके तापले होते की पाय पूर्ण दाबूनही गाडी धरेना. गिअर टाकायला गेलो तर घेईना. चाकं सुसाट आणि इंजिन मंद, दोघांचा मेळच बसेना. समोरून चढणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसत होते. डावीकडे मातीची दरड होती, मी गाडी तिला घासत नेली. पन्नास-साठ पावलांवर थांबली. माझ्या क्लीनरचा हात दोन ठिकाणी मोडला. १७ वर्षांचा पोरगा होता. तो हात आजही पूर्ण सरळ होत नाही, आणि दिवाळीला भेटलो की माझी नजर आधी तिथेच जाते.

आता गणेश घाटात नवा, सौम्य उताराचा रस्ता झालाय. पण सेंधव्यापुढे बिजासन घाट आहेच. तिथे देवीसमोर सगळे थांबतात. हात जोडून झाले की खाली उतरून चाकांजवळ हात न्यावा, लावू मात्र नये. धग लागली तर ती विझेपर्यंत गाडी हलवायची नाही.

*

चालक, वय २६, देवास नाका

परवान्याचं मी सांगतो, कारण माझं एक वर्ष त्यात उगाच गेलं. अठराव्या वर्षी ट्रकचा परवाना मिळत नाही. व्यावसायिक वाहनाला वयाची २० वर्षं पूर्ण लागतात, आणि हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन एक वर्ष झालेलं असावं लागतं. त्यानंतर जड वाहनाचा शिकाऊ परवाना, डॉक्टरांचा फॉर्म १-ए, चालक प्रशिक्षण केंद्राचा दाखला, आणि नायता मुंडल्याच्या आरटीओत चाचणी. व्यावसायिक परवाना पाच वर्षांनी नवा करावा लागतो. मला एका दलालाने हे सगळं 'बसल्या जागी' करून देतो सांगितलं होतं. मी गेलो नाही, बरं झालं.

भाच्याकडे कारचा परवाना असेल तर वर्षभर छोटी पिकअप चालवू द्या. साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी त्या परवान्यावर चालते, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलंय. मी पिथमपूरच्या कारखान्यांत सुटे भाग पोचवायचो. मागे घेणं, आरशावर विश्वास ठेवणं, माल बांधणं, सगळं तिथेच शिकलो. ट्रकवर बसलो तेव्हा नवीन होतं ते फक्त डाव्या बाजूचं आंधळेपण. केबिनच्या डाव्या कोपऱ्याशी उभी असलेली स्कूटर आरशात येतच नाही. डावीकडे वळताना मी आजही क्लीनरला खिडकीतून डोकं बाहेर काढायला लावतो.

*

चालक, १४ वर्षं

झोपेबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. घाटापेक्षा मला तिची भीती जास्त वाटते.

खलघाटला नर्मदेचा पूल लागला की मी एक रुपया नदीत टाकतो. आई लहानपणी बसमधून टाकायला लावायची, तेव्हापासूनची सवय. २०१७ च्या मार्च महिन्यात, पहाटे साडेचारच्या सुमारास, ठिकरी जवळ आली तेव्हा तो रुपया मला समोरच्या फळीवर तसाच पडलेला दिसला. म्हणजे पूल येऊन गेला होता. मी तो ओलांडला होता, स्टिअरिंग माझ्याच हातात होतं, आणि मला काहीही आठवत नव्हतं. डोळे मिटले होते की उघडे, तेही सांगता येणार नाही. गाडी ढाब्यावर लावली आणि हातपाय थरथरत होते म्हणून खाली बसून राहिलो.

चहा, तंबाखू, तोंडावर पाणी, मोठ्याने गाणी, सगळं करून झालं होतं. झोपेला झोपच लागते. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता: दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती. माझ्या मालकांपैकी एकानेही त्याचं नाव काढलं नाही. त्या दिवसानंतर मी पहाटे दोन ते पाच गाडी चालवत नाही. एका मालकाने काढून टाकलं. दुसऱ्याने ठेवून घेतलं.

*

ट्रान्सपोर्ट कार्यालयात बिल्टी (मालाची पावती) लिहिणारा

वरच्या भाऊंना जोडून. 'आज रात्रीच पोचव' म्हणतात तेव्हा ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा कागद, काढून बघा. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. इंदूर-मुंबई सहाशेच्या आतबाहेर, म्हणजे तीन दिवस तरी मिळतात. एवढी घाई कागदाला नसते. मुलाने बिल्टीवरचं वजन आणि वजनकाट्याची पावती पडताळल्याशिवाय गाडी हलवू नये. जास्त भरलेला माल घाटात त्यालाच थांबवायचा आहे.

*

चालकाची पत्नी, सुदामानगर

आम्ही एक नियम केला. मी फोन करायचा नाही, त्यांनी थांबल्यावर करायचा. पहिले महिने मला रात्र जायची नाही. पण गाडी चालवताना उचललेला एक फोन पुरेसा असतो, हे आमच्या नात्यातल्या एका घरात घडलं आहे. ताईंना सांगा, वाट बघणं सोपं होत नाही, सवयीचं होतं.

हल्ली चांगलं काय झालंय तेही सांगते. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात हे घरी यायचे तेव्हा इंजिनाच्या धगीने डावी पोटरी लाल झालेली असायची. नोकरी बघताना गाडी किती जुनी आहे हे भाच्याने नक्की विचारावं.

*

चालक, इंदूर–अहमदाबाद

गाडी बंद पडली तर मागे दगड मांडू नका, जाताना ते कुणी उचलत नाही आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. परावर्तक त्रिकोण पन्नास पावलं मागे ठेवा आणि महामार्गाचा मदत क्रमांक १०३३ लावा. अपघात झाला तर पळू नये. जमाव अंगावर आला तर मात्र बाजूला होण्याची मुभा मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच आहे, फक्त सरळ पोलीस ठाणं गाठायचं. हे मी आरशावर चिकटवून ठेवलंय.

*

सगळं भाच्याला वाचून दाखवलं. ताईही दारात उभी राहून ऐकत होती. कारचा परवाना त्याला गेल्या श्रावणात मिळालाय, तेव्हा वर्षभर पिकअपच. पहिल्या काकांना विचारायचं होतं, तो रविवारी आला तर चाकाचा आवाज ओळखायला शिकवाल का?

*

निवृत्त चालक, इंदूर–मुंबई मार्ग

पाठवा. सकाळी सातच्या आत यावं, चाकं थंड असताना. पान्हा मी देईन.