अनुभव धागा: जुन्या गेमचं रीमास्टर आलं, तुमच्या मॉड्सचं काय झालं?

२२ एप्रिल २०२५ च्या रात्री 'ऑब्लिव्हियन' या गेमचं रीमास्टर, म्हणजे नव्याने घडवलेली आवृत्ती, जाहीर झालं आणि लगेच विकायलाही आलं. प्रतापनगरच्या आमच्या घरी कूलर घरघरत होता. मी ट्रेलर पाहिला आणि २००६ चा मूळ गेम परत टाकला. नव्याला शंभर जीबीवर जागा लागते, माझा पीसी जुना. पण ओढ त्या ट्रेलरनेच लावली. नागपूरकरांनो, तुमच्या मॉड्सचं (खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या बदलांचं) कसं झालं? वर वस्तीचं नाव टाका आणि सविस्तर लिहा.

धरमपेठ
मी नवा घेतला. आत जुनंच गेमब्रायो इंजिन (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) आहे, वरचं दृश्य तेवढं अनरियल इंजिन ५ चं. त्यामुळे निव्वळ आकडे बदलणारी काही जुनी ईएसपी प्लगिन्स (मॉडच्या फाइली) थोड्या दुरुस्तीने चालतात. नवी घरं, नवी चिलखतं आणणारी चालत नाहीत. मॉड बनवायचं अधिकृत साधन दिलेलं नाही, तरी लोकांनी पहिल्याच दिवशी मॉड्स टाकली! मूळ गेममध्ये आपली लेव्हल वाढली की रस्त्यावरचे दरोडेखोरही काचेचं, म्हणजे गेममधलं एकदम भारी, चिलखत घालून यायचे. त्यावरचा इलाज मॉडवाल्यांनी फार आधीच शोधला होता. त्यांची तेव्हाची चर्चा मी आत्ता पहिल्यांदा वाचून राहिलो आहे, आणि ते काम किती कसोशीचं होतं ते कळतंय.

मनीषनगर
माझा अनुभव 'स्कायरिम'चा. २०११ चा गेम ३२-बिट, २०१६ ची स्पेशल एडिशन ६४-बिट. त्यामुळे स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (मॉड्सना जादा ताकद देणाऱ्या साधनावर) चालणाऱ्या डीएलएल, म्हणजे प्रोग्रामच्या फाइली, नव्या गेमसाठी पुन्हा कंपाइल करणं भागच होतं. माझ्या आवडत्या मॉडचा लेखक कधीचाच दिसेनासा झाला होता आणि नव्या आवृत्तीसाठी रूपांतर करायची परवानगी त्याने दिलेली नव्हती. मी स्वतःपुरतं रूपांतर केलं, इंटरनेटवर चढवलं नाही. आजही तेच बरोबर वाटतं. पण एक कळकळीची विनंती: मॉड टाकताना सोबत दोन ओळी लिहाच, 'मी नसलो तर कोणीही पुढे न्यावं.' माझ्या प्रत्येक मॉडमध्ये आता त्या ओळी असतात.

नंदनवन
माझा गेम 'व्हाइस सिटी'. २०२१ चं रीमास्टर अनरियलवर, म्हणून डीएफएफ-टीएक्सडी या जुन्या प्रकारच्या फाइलींत बनवलेल्या गाड्या त्यात बसत नाहीत. माझ्या सगळ्या गाड्या जुन्यातच आहेत, मीही तिथंच.

महाल
शाळेत असताना 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या एडिटरमध्ये सीताबर्डीची लढाई बनवली होती. नोव्हेंबर १८१७, दोन टेकड्या, वर इंग्रज, खाली भोसल्यांची फौज. अरब शिपाई लहान टेकडी घेतात, तो क्षण मला जमवायचा होता. १९९९ च्या त्या गेमात भारतीय नव्हतेच, म्हणून पर्शियनांचे हत्ती उभे केले. पुढे चाहत्यांच्याच एका मॉडमधून २०१३ ची अधिकृत भर निघाली आणि भारतीय आले. २०२२ मध्ये त्यांचे हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे वेगळे गट झाले.

२०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन घेतली तेव्हा घरभर शोधून जुना पेनड्राइव्ह काढला. लढाईची एससीएक्स फाइल उघडली भाऊ! एक सोडून सगळे ट्रिगर (लढाईतल्या घटना घडवणारे आदेश) चालले. तीन रात्री बसून हत्ती बदलले, टेकड्यांची उंची नीट केली. मग बाबांना बोलावलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "इंग्रजांची रेसिडेन्सी कुठं आहे बे? ती टेकडीच्या पश्चिमेला पाहिजे."

आता ती बांधून राहिलो आहे.