हिमेजी किल्ल्याच्या छायाचित्रणासाठी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आईसोबत जपानमधील हिमेजी किल्ला पाहण्याचे ठरवले आहे. १६०९ मध्ये उभा राहिलेला आणि दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांतूनही वाचलेला त्याचा मुख्य मनोरा मनासारखा टिपावा, ही माझी फार जुनी इच्छा आहे. भर उन्हात चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतींचे बारकावे छायाचित्रात हरवतील, अशी भीती वाटते. म्हणून सकाळी दार उघडताच आत जावे की उतरत्या उन्हाची वाट पाहावी, आणि किल्ल्याच्या पश्चिमेकडील निशिनोमारू या आवारातून मनोरा चेरीच्या बहरासह नीट दिसतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आतले लाकडी जिने अतिशय उभे असून पादत्राणे काढून चढावे लागतात. आईचे गुडघे दुखतात. तिने खालच्या मजल्यांवरच थांबून परतायचे म्हटले, तर तशी वाट असते का?