मदत हवी आहे: मराठवाड्यात आशाताईंना मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण कोण देतं?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात समुपदेशक आहे. माझ्यासोबतच्या आशाताई गावोगाव फिरतात. पीक हातचं गेलं की कर्ता माणूस बोलायचाच थांबतो; बायका "डोकं दुखतंय, झोप नाही" एवढंच सांगतात. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मानसिक आजाराच्या गोळ्या हंगामात बंद पडतात, ते वेगळंच.

निम्हान्सच्या (बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था) डिजिटल अकॅडमीचे ऑनलाइन अभ्यासक्रम माहीत आहेत. पण ताईंना मराठीतून, समोर बसून शिकवणारं माणूस हवं. आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट कसं विचारायचं? (विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे त्यांना पटणं फार गरजेचं आहे.) आणि डॉक्टरांकडे तातडीने कधी पाठवायचं?

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. आठवडाभर घर सोडून तिकडे जाणं ताईंना जमणारं नाही. अंबाजोगाई, लातूर किंवा संभाजीनगरच्या मेडिकल कॉलेजात असं शिबिर कुणी केलंय का? परवानगी कुणाकडून घेतली?

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आम्ही लोकांना देतोच. अवघड केसवर महिन्यातून एकदा आमच्याशी फोनवर बोलतील असे मनोविकारतज्ज्ञ ओळखीत असतील तर कृपया कळवा. जालना, परभणी, हिंगोलीकडच्या सहकाऱ्यांनाही सोबत घेता येईल.