शिपायाला मुकुट?

बोरूबहाद्दर: किशोरांसाठीच्या रोमन इतिहासाचं भाषांतर करतेय. वेढ्यात शत्रूच्या तटावर जो पहिला चढेल त्याला सोन्याचा 'कोरोना म्युरॅलिस' मिळे, वर तटासारखे दाते असलेला. मी लिहिलं 'तटमुकुट'. संपादकांनी समासात विचारलंय, "शिपाई राजा झाला का?" काय करू?

जुनं खोड: संपादकांचं बरोबर आहे. मुकुट देवाला, राजाला नि नाटकातल्या पात्राला. रोमनांना तर राजा या शब्दाचीच चीड. इ.स.पू. ४४ मध्ये अँटनीने सीझरपुढे राजपट्टी धरली तर लोक कुरकुरले. त्याच सीझरला तरुणपणी मिटिलिनीच्या वेढ्यात ओकच्या पानांचा 'कोरोना सिव्हिका' मिळाला होता, नागरिकाचा जीव वाचवल्याबद्दल. त्यावर कुणाची हरकत नव्हती. म्हणजे वस्तू वेगळी, शब्दही वेगळा हवा. 'शिरोमाला' म्हणा.

तिखटमीठ: शिरोमाला! काका, हे घरात कोण बोलतं? आणि सोन्याची दातेरी वस्तू माळ कशी? काटेरी मुकुट चालतो, मूर्तिशास्त्रात जटामुकुट चालतो, मग शिपायाचाच का अडतो?

गडवेडा: ते 'दाते' नाहीत हो, चर्या. कुठल्याही किल्ल्यावर जाऊन बघा. 'चर्यामुकुट' करा.

तिखटमीठ: पोरं चेहरा समजतील.

मांडवीकाठ: पोर्तुगालात हा मुकुट अजून नगरचिन्हांवर आहे. शहराला पाच बुरूज, त्याहून लहान नगराला चार, गावाला तीन. माझं मत 'बुरूजमुकुट'.

व्युत्पत्तीवेडा: क्राउन आणि किरीट एकच, कुणाच्या लक्षात आलं का?

जुनं खोड: नाही, कारण ते एक नाहीत. क्राउन लॅटिन कोरोनातून आला, कोरोना ग्रीक 'कोरोने'तून. त्याचा एक अर्थ वाकडी वस्तू, दुसरा कावळा. आपला किरीट संस्कृत, अर्जुन किरीटी.

तिखटमीठ: पण मंडळी, सगळ्यांत मोठा मान सोन्याचा नव्हताच. वेढ्यातून सुटलेली फौज आपल्याला सोडवणाऱ्या सेनापतीला तिथलंच गवत उपटून, वळून घालायची: 'कोरोना ग्रामिनिया'. बाकीचे मान सेनापती शिपायांना देई, हा उलट खालून वर जाई. गवताच्या त्या वळ्याला मी तरी चुंबळ म्हणेन.

जुनं खोड: सेनापतीच्या डोक्यावर चुंबळ? पाण्याची घागर ठेवायची आहे का?

तिखटमीठ: आमच्या आजीनं घागरीखाली जन्मभर चुंबळ वाहिली. तिच्या डोक्यावरची चालते, हा मान मिळालेल्या रोमन सेनापती फॅबियस मॅक्सिमसच्या डोक्यावर कमीपणाची?

गडवेडा: चुंबळ कापडाची असते.

तिखटमीठ: गवताचीही करतात. भारे वाहणाऱ्यांना विचारा.

मांडवीकाठ: आणि शब्द चुंबळ की चुंभळ?

बोरूबहाद्दर: गुरुवारी मजकूर छपाईला जातोय. तटमुकुट ठेवू का?

गडवेडा: आमच्याकडे चुमळ म्हणतात.