ट्रेनरवर चालवलेल्या सायकलची झीज नेमकी कुठे होते?

प्रश्न : अंबाझरीचा फेरीवाला

नमस्कार. पहाटे साडेपाचला निघून अंबाझरी, फुटाळा आणि सेमिनरी हिल्स असा फेरा मारण्याची माझी कित्येक वर्षांची सवय होती. यंदा कामाची वेळ बदलल्यामुळे सायकलसाठी संध्याकाळ तेवढी उरली, आणि मे महिन्यात नागपुरात संध्याकाळी सात वाजताही पारा चाळिशीच्या घरात असतो, हे येथे कोणाला सांगायला नको. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून सायकल घरातच ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पॅडल मारता येईल अशा स्टँडवर, लावली आहे. ट्रेनर साधा चुंबकीय असून त्यात मागचे चाक रोलरवर टेकते. सायकल चार वर्षांची आहे. फ्रेम अॅल्युमिनियमची, फोर्क कार्बनचा आणि ब्रेक रिमचे आहेत. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी सुमारे तासभर चालवतो.

आता जुलैमध्ये तिच्याकडे नीट पाहिले, तेव्हा मागचा टायर मधोमध सपाट झालेला आणि रोलरखाली काळी भुकटी साचलेली दिसली. स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या जोडाच्या) बोल्टांवर तांबूस गंज आहे आणि हँडल वळवताना मधेच किंचित अडखळल्यासारखे वाटते. एका दुकानदाराने तर ट्रेनरमुळे फ्रेमच ढिली होते असे सांगून नवी सायकल दाखवायला सुरुवात केली. न हलणाऱ्या सायकलची झीज रस्त्यावरच्या सायकलीपेक्षा जास्त कशी होऊ शकते? ट्रेनरसाठी एखादी जुनी सायकल वेगळी घेऊन ठेवावी काय?

उत्तर 1 : गंजका पान्हा

आपल्या प्रश्नातला गंज आणि हँडलचे अडखळणे या दोन्ही गोष्टींचे मूळ ट्रेनरमध्ये नसून घामात असावे, असे माझे मत आहे. रस्त्यावर समोरचा वारा घाम वाळवतो आणि उरलेला मागे उडवून नेतो. खोलीत मात्र तो नाकाच्या शेंड्यावरून आणि कोपरांवरून सरळ खाली, म्हणजे नेमका स्टेम, हेडसेट (हँडल ज्यांवर वळते ती बेअरिंगे) आणि फ्रेमच्या वरच्या नळीवर पडतो. उन्हाळ्यात जोर लावून चालवणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. लिटरभर घामात, माणसागणिक कमी-जास्त असले तरी, साधारण अडीच ग्रॅम मीठ असते. आठवड्याला चार तास आणि तीन महिने असा हिशेब केला, तर आपण सायकलवर किती मिठाचे पाणी ओतले असेल, ते लक्षात येईल.

पोलादी बोल्टांवरचा तांबूस गंज निदान डोळ्यांना दिसतो. खरी काळजी बार टेपखाली, म्हणजे हँडलवर गुंडाळलेल्या पट्टीखाली, असते. टेप घाम शोषून धरते आणि अॅल्युमिनियमचे हँडल त्या ओलाव्यात आतल्या आत खात जाते. जिथे अॅल्युमिनियम पोलादी बोल्टाला टेकते, तिथे तर खारट पाण्यामुळे अॅल्युमिनियमचाच बळी आधी जातो. त्याची खूण म्हणजे पांढरी भुकटी. टेप एकदा सोडवून पाहाच. नुसती भुकटी असल्यास पुसून टाकता येईल, पण धातूला खड्डे पडले असतील तर ते हँडल ठेवू नये, कारण हँडल मोडते तेव्हा आधी सूचना देत नाही.

पुढे दर वेळी हँडल आणि वरच्या नळीवर जाड टॉवेल टाकावा आणि उतरल्यावर आधी ओल्या व मग कोरड्या फडक्याने सायकल पुसावी. बोल्ट अधूनमधून काढून ग्रीस लावून पुन्हा कसावेत. समोर कूलर ठेवल्यास घामही कमी येईल.

उत्तर 2 : जुनी चेन

टायरविषयी थोडे. रस्त्याचा टायर रोलरवर तापतो आणि सतत एकाच पट्ट्यावर घासला जातो, म्हणून तो मधोमध सपाट होतो. रोलर सैल असेल तर चाक घसरते आणि भुकटी वाढते, तर फार घट्ट असेल तर उष्णता वाढते. म्हणून दर वेळी हवा सारखीच भरून मग रोलर टेकवावा आणि काम झाल्यावर सैल करून ठेवावा. ट्रेनरसाठी कठीण रबराचे वेगळे टायर मिळतात, मात्र ते रस्त्यावर घसरतात. मी तर बाद झालेला जुना टायरच वापरतो.

चेनला घरात धूळ लागत नसल्यामुळे ती उलट जास्त टिकते, पण तेल लागतेच. मोजायची झाल्यास पोलादी पट्टी लावावी. दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असल्याने चोविसावी पुढची पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती एक षोडशांश इंच पुढे सरकलेली असेल, तर चेन बदलण्याची वेळ झाली, असे समजावे.

उत्तर 3 : वर्धा मार्गावरचा

वरच्या एका सल्ल्याशी मी सहमत नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेरची हवा कोरडी असते, त्यामुळे खिडकी उघडी असेल तर कूलर उत्तम. पण जुलैमध्ये हवेतच ओलावा असतो आणि कूलर त्यात भर घालतो, त्यामुळे घाम वाळत नाही आणि सायकलही दमट राहते. पावसाळ्यात मोठा पंखाच बरा.

फ्रेमविषयी त्या दुकानदाराने अतिशयोक्ती केली आहे. बसून पॅडल मारण्याने अॅल्युमिनियमची फ्रेम ढिली होत नाही. मात्र मागचा ॲक्सल शिकंज्यात धरलेला असताना उभे राहून सायकल डावी-उजवीकडे झोकली, तर तो पीळ रस्त्यासारखा टायरखाली न जिरता फ्रेमच्या मागच्या टोकांवर येतो. तो मोह टाळावा. काही उत्पादक ठरावीक फ्रेम ट्रेनरवर लावण्यास मनाई करतात, तेव्हा हमीपत्रिका वाचून घ्यावी. क्विक रिलीजही (चाक फ्रेमला आवळणारा खटक्याचा दांडा) ट्रेनरसोबत आलेलेच, पोलादी नटांचे वापरावे.

प्रश्नकर्ता : अंबाझरीचा फेरीवाला

सर्वांचे आभार. रविवारी सगळे उघडले. उजव्या बाजूच्या टेपखाली, ब्रेकच्या पकडीजवळ, पांढरी भुकटी निघाली आणि पुसल्यावर नख अडकेल असे दोन खड्डे दिसले. हेडसेटचे वरचे बेअरिंग बोटाने फिरवले तर कचकचते, खालचे मात्र अगदी गुळगुळीत फिरते, म्हणजे पाणी वरूनच उतरले. फ्रेमला कुठेही तडा नाही. हँडल, वरचे बेअरिंग आणि स्टेमचे बोल्ट मागवले आहेत, आणि माळ्यावरचा जुना टायर काल संध्याकाळी मागच्या चाकावर चढवला.