बायपोलर असताना घबराटीची गोळी

ताई, भावाला बायपोलर (मूड टोकाचा चढण्या-उतरण्याचा आजार) आहे आणि घबराटीसाठी शेजाऱ्याची एस्सिटालोप्राम (नैराश्य-घबराटीवरची गोळी) देऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून देऊ नका. मूड स्थिर ठेवणारं औषध लागू पडलेलं नसताना नुसती ही गोळी दिली तर माणूस उन्मादात जाऊ शकतो: झोप नाही, अखंड बडबड, पैशांची उधळपट्टी. अल्प्राझोलाम या शांत करणाऱ्या गोळीने लगेच बरं वाटतं, पण सवय लागते.

आमच्या काकांना लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध लागू पडलं आणि बरीचशी घबराट आपोआप ओसरली. भावालाही लिथियम असेल तर जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात फार जपा. घामाने पाणी-मीठ गेलं की रक्तातली लिथियमची पातळी चढते. हात जास्त थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अंगदुखीला मेडिकलवरून आयबुप्रोफेनही आणू नका, त्यानेही पातळी वाढते.